तीन दिवसांचें रोम : सहकुटुंब प्रवासाची आंखणी

पूर्वीं घरांतील कोणी काशीयात्रेस निघालें कीं महिना-दोन महिने आधीं तयारी चाले. मुक्काम किती दिवसांचा, कोणत्या घाटावर स्नान, बरोबर कोण आणि मागें घर कोणाच्या स्वाधीन, या सर्वांचा खल वडील मंडळी ओटीवर बसून करीत. यात्रा आयुष्यांत एकदांच घडावयाची, ही गोष्ट मनांत पक्की असल्यामुळें तींतील एकहि दिवस वायां जाऊं नये अशी काळजी असे. आतां विमानानें एका दिवसांत युरोप गांठतां येतो. परंतु अंतर कमी झालें म्हणून विचारहि कमी करावा, असें मात्र नाहीं. उलट मुक्काम जितका लहान तितका विचार अधिक हवा. पंधरा दिवसांच्या यात्रेंत एक दिवस फुकट गेला तर चौदा उरतात. तीन दिवसांच्या फेरींत एक गेला तर यात्रेचा तिसरा हिस्सा गेला.

आमच्या परिचयाच्या पुष्कळ घरांतून हल्लीं अशा लहान फेऱ्या घडतात. मुलगा वा जांवई परदेशीं असतो, किंवा इकडेच चार पैसे शिल्लक टाकलेले असतात, आणि आईवडिलांसह एखादें युरोपीय शहर पाहून यावें असें मनांत येतें. अशा कुटुंबांच्या उपयोगासाठीं एका शहराचें उदाहरण घेऊन आंखणी कशी करावी, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे. शहर आहे रोम, आणि अवधि आहे पुरे तीन दिवस.

रोमच कां?

पॅरिसची शोभा, व्हिएन्नाचें संगीत, लंडनचीं संग्रहालयें यांचा मोह कोणासहि पडेल. आम्हीं रोम निवडलें तें दोन कारणांसाठीं. एक तर तेथील बहुतेक मुख्य स्थळें एकमेकांपासून फार दूर नाहींत. दुसरें असें कीं, संस्कृताचा ज्याला थोडा तरी गंध आहे त्याला हें शहर अगदींच परकें वाटत नाहीं. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्या, हें मत सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें मांडलें. आपला देव तो रोमकांचा ‘देउस’, माता ती ‘मातेर’, भ्राता तो ‘फ्रातेर’, अग्नि तो ‘इग्निस’, सप्त तें ‘सेप्तेम’. वेदांतील द्यौष्पिता आणि रोमकांचा ज्युपिटर हीं एकाच नांवाचीं दोन रूपें होत.

रोमच्या रस्त्यांतून चालतांना गटारांच्या लोखंडी झांकणांवर एस्, पी, क्यू, आर् अशीं चार अक्षरें दिसतात. ‘सेनातुस पोपुलुसक्वे रोमानुस’ या शब्दांचीं तीं आद्याक्षरें. अर्थ ‘रोमची वृद्धसभा आणि प्रजा’. यांतील ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’. तो स्वतंत्र उभा न राहतां दुसऱ्या शब्दाच्या पाठीस चिकटतो, अगदीं आपल्या ‘च’ सारखा. आणि भाषापंडितांच्या मतें तो आपल्या ‘च’ चा सख्खा भाऊच आहे. शब्द चालविण्याचा कंटाळा असलेल्या मुलाला ही गोष्ट त्या झांकणापाशींच उभें करून सांगावी. व्याकरण हें परीक्षेपुरतें नसून दोन हजार वर्षांपूर्वींच्या माणसांशीं ओळख करून देणारी वस्तु आहे, हें त्याच्या ध्यानीं येईल.

नातें केवळ भाषेचें नाहीं, व्यवहाराचेंहि होतें. पहिल्या शतकांत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत सोपारा, कल्याण, पैठण व तेर यांचे उल्लेख आहेत. त्याच शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें, हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यांतून ५ कोटि सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार नोंदविली आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडन याची कांशाची लहान मूर्ति सांपडली, ती तेथील टाउन हॉल संग्रहालयांत आहे. रोमचें तिकीट काढण्यापूर्वीं मुलांना ती मूर्ति दाखवून आणावी, असें आम्ही सुचवितों.

ऋतु आणि कागदपत्रें

जुलै-ऑगस्टांत रोममध्यें पारा ३५ अंशांपलीकडे जातो आणि गर्दीहि उसळते. एप्रिल, मे, सप्टेंबरचा उत्तरार्ध व ऑक्टोबर हे महिने वृद्धांस सोईचे. आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी यांत बसते, हा लाभच आहे. मात्र ईस्टरचा आठवडा टाळावा. मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें, इतर वेळीं साडेचार.

इटलीस जाण्यास शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत अर्ज करतां येतो आणि निर्णयास साधारणतः पंधरा दिवस धरलेले असतात. परंतु सुट्टीच्या दिवसांत अर्ज देण्याची वेळच लवकर मिळत नाहीं, म्हणून दोन-तीन महिने आधीं हात घालावा. जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो व सहा ते बारा वर्षांच्या मुलास ४५ युरो शुल्क आहे. सहा वर्षांखालील मुलांस तें नाहीं. निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वृद्धांच्या बाबतींत तर हा विमा केवळ नियमासाठीं म्हणून काढूं नये; जुनीं दुखणीं त्यांत धरलीं आहेत कीं नाहींत, तें बारीक अक्षरांत वाचून पाहावें. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजीं चेहरा व बोटांचे ठसे नोंदवून घेण्याची पद्धति टप्प्याटप्प्यानें सुरू झाली आहे, म्हणून विमान उतरल्यावर रांगेसाठीं सवड ठेवावी आणि त्या दिवशीं कोणत्याहि स्थळाचें वेळ ठरविलेलें तिकीट काढूं नये.

घरची सभा

आतां मुख्य गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं रोमची आंखणी मोठ्या चिरंजीवांनीं केली. ते इंजिनियर. तीन दिवसांत एकवीस स्थळें, प्रत्येकापुढें तास व मिनिटें, असा सुबक तक्ता त्यांनीं तयार केला. पहिल्या दिवशीं सात स्थळें झालीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्या मातोश्री हॉटेलांतील पलंगावरच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही जा, बाबांनो. मी येथें माळ ओढीत बसतें.” पुढचे दोन दिवस त्यांनीं खिडकींतून समोरची भिंत पाहिली. तक्ता पुरा झाला. परंतु ज्या माउलीला रोम दाखविण्यासाठीं एवढा खर्च केला तिचें रोम पहिल्याच संध्याकाळीं संपलें. घरीं आल्यावर “छान होतें सगळें,” एवढेंच त्या बोलल्या. आईवडिलांचें हें असें ‘छान’ मुलांनीं ओळखावयास शिकलें पाहिजे.

ही हकीकत ऐकली तेव्हां आमच्या घरीं प्रवासाचें चाललेंच होतें. आम्ही उभयतां, आमच्या वडील भगिनी, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें असे सातजण. आम्हीं असें ठरविलें कीं तक्ता एकट्यानें करावयाचा नाहीं. रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं बसावें, प्रत्येकानें आपल्याला सर्वांत पाहावेसें वाटणारें एकच स्थळ सांगावें, आणि तीं सात स्थळें आधीं तक्त्यांत बसवावीं, बाकीचीं जमल्यास. यांत लहानांचेंहि एक मत आणि वृद्धांचेंहि एकच. हा नियम साधा दिसतो, पण त्यानें अर्धे वाद मिटतात.

एक गोष्ट मात्र सभेंत कोणी बोललें नाहीं, ती दुसऱ्या दिवशीं कळली. खर्च वांचावा व घरचें अन्न मिळावें म्हणून चिरंजीवांनीं स्वयंपाकघर असलेलें बिऱ्हाड सुचविलें होतें, आणि सर्वांनीं माना डोलविल्या होत्या. सकाळीं चहा देतांना सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, एक विचारूं कां? रोमलाहि पहांटे उठून पोळ्याच लाटायच्या असतील, तर त्या मी इथेंच लाटतें. माझ्या तिकिटाचे पैसे तरी वांचतील.” त्या रागानें बोलल्या नाहींत, हिशेब सांगावा तशा बोलल्या. त्यांचें म्हणणें आम्हांस पूर्णपणें पटलें, आणि सकाळची न्याहारी देणारें साधें हॉटेल घ्यावयाचें ठरलें. वाचकांपैकीं जे कर्ते पुरुष असतील त्यांनीं एवढें पाहावें कीं, घरांतील सर्वांची सुट्टी ती घरांतील बाईची दुप्पट नोकरी होत नाहीं ना?

बिऱ्हाड व अन्न

हॉटेल जुन्या गांवठाणांत, पँथिऑन वा नव्होना चौकाच्या आसपास मिळाल्यास दुपारीं परत येऊन वृद्धांस पाठ टेकतां येते. टेर्मिनी या मोठ्या स्टेशनाजवळ स्वस्त पडतें व रेल्वेची सोय होते. कोठेंहि घेतां लिफ्ट आहे ना, हें लेखी विचारून घ्यावें. इमारती जुन्या, जिने उंच. भाड्याखेरीज दर माणशीं दर रात्रीं नगराचा कर वेगळा द्यावा लागतो. फ्युमिचिनो विमानतळापासून टेर्मिनीपर्यंत सरळ जाणारी आगगाडी ३२ मिनिटांत पोंचविते. परंतु चार माणसें व सामान असेल तर जुन्या तटाच्या आंत कोठेंहि जाण्याचा टॅक्सीचा दर ठरलेला असतो, तो भाड्यापूर्वीं विचारून घ्यावा.

शाकाहारी माणसाची रोममध्यें उपासमार होत नाहीं, पण कांहीं गोष्टी माहीत हव्यात. पार्मेझान व पेकोरिनो हीं तेथील प्रसिद्ध चीजें वासराच्या वा कोंकराच्या जठरांतील विरजणानें घट्ट करतात. ज्यांस हें वर्ज्य आहे त्यांनीं चीज नको असें सांगावें. ‘मारिनारा’ नांवाचा पिझ्झा टोमॅटो, लसूण व तेल यांचाच असतो, त्यावर चीज नसतें. ‘आल्यो ए ओल्यो’ ही लसूण व ऑलिव्हच्या तेलाची शेवयांसारखी पास्ता आपल्या जिभेस रुचते. ‘कार्बोनारा’ व ‘आमात्रिचाना’ यांत डुकराचें मांस असतें; तीं नांवें मुलांनीं पाठ करून ठेवावीं. भाज्यांच्या सारांतहि मांसाचा अर्क असूं शकतो, म्हणून ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांसाविना, मासळीविना, असें दर वेळीं सांगावें. घरून मेतकूट, भाजणीची चकली, दाण्याचा गुळाचा लाडू न्यावा. पेढे, बर्फी, तूप मात्र नेऊं नये. युरोपीय संघांत बाहेरच्या प्रवाशांस दुधाचे व मांसाचे पदार्थ बरोबर आणण्यास मनाई आहे.

पाण्याचा प्रश्न रोमनें आपल्यासाठीं सोडवून ठेविला आहे. शहरांत सुमारें अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत. त्यांच्या वांकड्या तोटीमुळें लोक त्यांस ‘नाझोने’, म्हणजे नाकाड्या, म्हणतात. त्यांतून थंड, पिण्यायोग्य पाणी अखंड वाहतें. तोटीचें तोंड बोटानें दाबलें कीं वरच्या भोंकांतून धार उसळते व भांडें न लावतां पितां येतें. नातवंडांना सर्व रोमपेक्षां हीच युक्ति अधिक आवडली!

पहिला दिवस : पायीं हिंडण्याचा

वृद्धांस पहांटे जाग येतेच, आणि घड्याळाच्या फरकामुळें पहिल्या रात्रीं ती तीनलाच येते. त्याबद्दल कुरकुर करूं नये. तिचा उपयोग करावा. उजाडतांच त्रेव्ही कारंज्यापाशीं जावें. दिवसा तेथें माणसांमुळें दगड दिसत नाहीं. पहांटे पाण्याचा आवाज ऐकूं येतो. निकोला साल्व्ही यानें १७३२ मध्यें आरंभिलेलें हें काम १७६२ मध्यें पुरें झालें. परंतु त्यांतील पाणी त्याहूनहि जुन्या वाटेनें येतें, आग्रिप्पानें इ. स. पूर्वीं १९ मध्यें बांधलेल्या पाटाचा तो मार्ग. लोक कारंज्यांत नाणीं टाकतात, तीं गोळा करून धर्मादाय कामास देतात.

तेथून दहा-पंधरा मिनिटांवर पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या वेळीं, इ. स. १२६ च्या सुमारास, हें मंदिर उभें राहिलें. सातव्या शतकाच्या आरंभीं त्याचें चर्च झालें आणि म्हणूनच तें शाबूत राहिलें. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीहि तेवढीच. सळ्या न घातलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट जगांत दुसरा नाहीं. माथ्यावर मोठें गोल छिद्र आहे. त्यांतून ऊन येतें आणि पाऊसहि. कवडशाचें वर्तुळ भिंतीवरून हळूहळू सरकतें तें पाहत पंधरा मिनिटें बांकावर बसावें. चित्रकार राफाएल याची समाधि येथेंच आहे. २०२३ पासून ५ युरोंचें तिकीट आहे.

पुढें नव्होना चौक. आमच्या सभेंत सौ.नीं जें एक स्थळ मागितलें तें येथें होतें. “रोमांत गंगा आहे म्हणतात, ती मला पाहायची,” असें त्या म्हणाल्या होत्या. शिल्पकार बेर्निनी यानें १६५१ मध्यें पुरें केलेल्या ‘चार नद्यांच्या कारंज्या’वर चार खंडांच्या चार नद्या बसविल्या आहेत : युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची ला प्लाता आणि आशियाची गंगा. नाईलनें तोंड वस्त्रानें झांकलें आहे, कारण तिचा उगम तेव्हां युरोपियनांस ठाऊक नव्हता. गंगेच्या हातीं वल्हें आहे, कारण ती नौकांस योग्य. मात्र ही गंगा पुरुष आहे. चांगला दांडगा, दाढीवाला. रोमकांच्या कल्पनेंत नदीचा देव पुरुष, ती परंपरा शिल्पकारानें पाळली. सौ. बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, आपल्या गंगामाईला यांनीं दाढी लावली!” मग पदर सांवरून त्यांनीं हात मात्र जोडले. आम्हांस वाटतें, दूरदेशीं आपली वस्तु दुसऱ्याच्या डोळ्यांनीं कशी दिसते, याचा याहून चांगला धडा पुस्तकांत सांपडणार नाहीं.

दुसरा दिवस : जुनें रोम

या दिवशीं सकाळीं कोलोसियम. तिकिटें भेटीच्या साधारण तीस दिवस आधीं अधिकृत संकेतस्थळावर निघतात आणि लवकर संपतात. २०२३ पासून तिकिटावर नांव असतें, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. मोठ्यांस १८ युरो आणि अठरा वर्षांखालील मुलांस तिकीट माफ, पण त्यांच्यासाठींहि नोंदणी करावी. त्याच तिकिटांत फोरम व पॅलाटाईन टेकडी येतात. महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रवेश फुकट असतो. त्या दिवशीं जाऊं नये, कारण फुकटाचा भाव गर्दीनें चुकवावा लागतो. दारापाशीं तिकिटें विकणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊं नये.

इमारत लंबवर्तुळाकार, सुमारें १८९ मीटर लांब, १५६ रुंद व ४८ उंच. सम्राट व्हेस्पेशियननें आरंभिली, त्याचा मुलगा टायटस यानें इ. स. ८० मध्यें खुली केली. जेरुसलेम लुटून आणलेल्या धनाचा तिला हातभार होता. जवळच्या टायटसच्या कमानीवर ती लूट खांद्यांवर वाहून नेणारे सैनिक कोरलेले दिसतात. येथें पन्नास हजारांवर माणसें बसून माणसांचें मरण पाहत असत. मुलांस हें लपवूं नये. बांधणीची तारीफ करावी, आणि ती कशासाठीं बांधली तेंहि सांगावें. मोठी विद्या आणि मोठी क्रूरता एकाच घरीं नांदूं शकतात, हें कळण्यासाठीं एवढा प्रवास केला तरी तो महाग नाहीं.

मग फोरम. येथें सांवली कमी आणि दगड फार. वृद्धांनीं सर्व न हिंडतां दोनच ठिकाणें पाहावीं. एक, वेस्ता देवीच्या मंदिराचे अवशेष. येथें सहा व्रतस्थ स्त्रिया तीस-तीस वर्षें अखंड अग्नीचें रक्षण करीत. अग्निहोत्र्यांच्या घरीं ज्यांनीं बालपण घालविलें त्यांस अधिक सांगावयास नको. दुसरें, ज्युलियस सीझरला इ. स. पूर्वीं ४४ मध्यें जेथें अग्नि दिला ती जागा. रोमक तेव्हां प्रेतें दहन करीत. तेथें एका साध्या छपराखालीं मातीचा ढीग आहे, आणि त्यावर लोक अजूनहि फुलें ठेवून जातात.

दुपार हॉटेलांत काढावी. सायंकाळीं कॅपिटोल टेकडीवर जावें. मायकेलअँजेलोनें आंखलेल्या चौकांत मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा आहे. ती प्रतिकृति होय, मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयांत आहे. तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाईनचा आहे अशी मध्ययुगांत समजूत होती, म्हणूनच वितळविला गेला नाहीं. चौकाच्या मागल्या बाजूनें मावळत्या उन्हांत सबंध फोरम खालीं पसरलेलें दिसतें. सकाळीं जे चालूं शकले नाहींत त्यांचें फोरम येथें बसल्या जागीं होतें.

तिसरा दिवस : व्हॅटिकन

हा दिवस रविवार नसावा, कारण महिन्याच्या शेवटच्या रविवारखेरीज संग्रहालयें त्या दिवशीं बंद. बुधवारहि नसावा, कारण सकाळीं पोपमहाशयांच्या दर्शनासाठीं चौक भरलेला असतो. आणि सोमवारीं शहरांतील इतर बरींच संग्रहालयें बंद असल्यानें सगळी गर्दी इकडे लोटते. एवढें पाहून मग विमानाची तारीख ठरवावी. खांदे व गुडघे झांकलेले हवेत. साडी व पायजमा-सदरा यांस मुळींच अडचण नाहीं, अर्ध्या चड्डींतील तरुणांस मात्र दारावरून परतावें लागतें. तिकीट आधीं घ्यावें. चाकांची खुर्ची मागितल्यास मिळते. ती मागण्यांत वृद्धांनीं कमीपणा मानूं नये.

संग्रहालयांत दालनांमागून दालनें आहेत. सर्व पाहीन म्हणणारा कांहींच पाहत नाहीं. १५०६ मध्यें जमिनींतून निघालेलें लाओकून याचें शिल्प, राफाएलचें ग्रीक तत्त्वज्ञांच्या सभेचें भित्तिचित्र आणि सिस्टाईन चॅपल, एवढें पुरे. त्या चॅपलचें छत मायकेलअँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलें, तें पाठीवर निजून नव्हे, पराती रचून, उभ्यानें, मान वर करून. समोरच्या भिंतीवरील ‘अंतिम न्याय’ हें चित्र त्यानें पुढें १५३६ ते १५४१ मध्यें काढलें. येथें छायाचित्रास मनाई आहे आणि बोलण्यासहि. लहान दुर्बीण बरोबर न्यावी, भिंतीकडेच्या बांकावर जागा मिळेपर्यंत थांबावें, आणि बसून पाहावें.

दुपारनंतर संत पीटरचें मंदिर. पायाभरणी १५०६, अर्पण १६२६. प्रवेशास शुल्क नाहीं, पण तपासणीची रांग असते. उजव्या हातास पहिल्याच बाजूस कांचेआड ‘पिएता’ आहे : मृत पुत्रास मांडीवर घेतलेली माता. मायकेलअँजेलोनें ती विशींत घडविली. १९७२ मध्यें एका माथेफिरूनें तिच्यावर हातोडा चालविला, तेव्हांपासून मध्यें कांच आहे. आमच्या भगिनींनीं तारुण्यांत मुलगा गमावलेला. त्यांना येथें काय आहे हें कोणी समजावून सांगितलें नव्हतें, आणि सांगावें लागलेंहि नाहीं. आम्ही तेथें ठरल्यापेक्षां अर्धा तास अधिक थांबलों व घुमटाचें चढणें रद्द केलें. घुमटास ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टनें गेलें तरी तीनशेंवर उरतात, तेव्हां तें तरुणांचें काम. तक्त्यांत अशी सवड ठेविली नसती तर तो अर्धा तास मिळाला नसता.

काय सोडावें

भूमिगत थडगीं, बोर्गेझे संग्रहालय, आप्पियन रस्ता, हें सर्व उत्तम आहे, आणि तरीहि तीन दिवसांत तें सोडावें. पाँपेईला एका दिवसांत जाऊन येतां येतें असें सांगणारे भेटतील. त्यांचें खोटें नाहीं; पण तो दिवस रोमच्या तीनांतून जाईल. सोडलेल्याची यादी लिहून ठेवावी, म्हणजे चुकलें असें न वाटतां राहिलें असें वाटतें.

किरकोळ सूचना थोडक्यांत. रस्ते काळ्या ठोकळ्यांच्या फरसबंदीचे आहेत, म्हणून पायांत निदान महिनाभर वापरलेले बूट असावेत. गर्दीच्या बसमध्यें व भुयारी गाडींत खिसेकापू असतात. पासपोर्ट पोटाशीं बांधलेल्या पिशवींत ठेवावा. स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास २०१९ पासून बंदी आहे. कॉफी उभ्यानें घेतली तर स्वस्त, बसून घेतली तर महाग. वर दिलेले दर बदलतात, निघण्यापूर्वीं ताडून पाहावेत. आणि कर्ज काढून जाऊं नये. रोम पावणेतीन हजार वर्षें उभें आहे, आणखी दोन वर्षें वाट पाहील.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आंत घरांतील प्रत्येकानें एकेक पान लिहावें आणि रविवारीं एकत्र बसून वाचावें. लहानांनीं चित्र काढलें तरी चालेल. एकच शहर सात डोळ्यांच्या जोड्यांनीं कसें निरनिराळें दिसलें, हें तेव्हां कळतें. आमच्या घरचीं तीं सात पानें सूनबाईंनीं शिवून ठेविलीं आहेत. त्यांचें स्वतःचें पान सर्वांत लांब आहे.